बावीस बरण्या आणि चाळीस नावं: सुट्या पास्त्याची मराठी लेबलं कशी करावीत?

मापटं

कोथरूडला किराणा दुकानात सुटा कोरडा पास्ता ठेवायचा आहे. २२ प्रकार, काचेच्या बरण्या, विक्री वजनावर. लेबलं मराठीतच हवी आहेत. घोळ असा की चार पुरवठादारांच्या पिशव्यांवर मिळून चाळीसेक नावं आहेत. मळसूत्रासारख्या तुकड्याला एक फुझिली म्हणतो, दुसरा रोटिनी, तिसरा नुसतंच स्पायरल. वाकडी नळी कुठे मॅकरोनी, कुठे एल्बो. 'व्हर्मिसेली' लिहिलेली पिशवी उघडली तर आत चक्क शेवया.

बरण्या कोणत्या क्रमाने लावाव्यात, कोणतं नाव खरं धरावं आणि ते देवनागरीत कसं लिहावं, एवढं सांगा. 'सगळा पास्ता सारखाच' असं सांगायला येणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद, ते घरी ऐकून झालं आहे.

सोऱ्या

नावावरून वर्गवारी करू नका, फसाल. खुद्द इटलीत एका आकाराला गावोगाव वेगळी नावं आहेत आणि एका नावाखाली दोन-तीन आकार. वर्गवारी साच्यावरून करा, म्हणजे वाद उरत नाही.

घरातला सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. पीठ एकच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली, कधी पापडी. कारखान्यातही हेच चालतं. दाब खूप जास्त, चकतीला भोकं शेकड्यांनी आणि तोंडाशी फिरती सुरी, एवढाच फरक. मग प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारायचे: चकतीचं भोक कसलं होतं, सुरीने कुठे कापलं, आणि नंतर हाताने किंवा यंत्राने वळवलं का?

साधं गोल भोक असेल तर भरीव दोरी येते. कापेल्लिनी, स्पागेत्तिनी, स्पागेत्ती, स्पागेत्तोनी ही एकाच कुळातली वाढत्या जाडीची भावंडं. लांबट फट असेल तर पट्टी येते: लिंग्वीने, फेत्तुच्चिने, आणि कडेला झालर असलेली माफाल्दिने. भोकाच्या मधोमध खुंटी असेल तर नळी. लांब ठेवली तर बुकातिनी, आखूड सरळ कापली तर रिगातोनी, तिरकी कापली तर पेन्ने. पेन्नेचा तो तिरका काप म्हणजे लेखणीचं टोक. तसा काप देणाऱ्या यंत्राचं पेटंट १८६५ साली जेनोव्हाजवळच्या जोव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रोने घेतलं, त्याआधी हे काम कात्रीने चालायचं.

नळीत एक मेख आहे. खुंटी अधांतरी राहत नाही, तिला मागे आधाराचा पूल लागतो. पीठ त्या पुलाशी फाटतं आणि पुढे पुन्हा जुळतं. पीठ कोरडं असेल किंवा दाब कमी पडला तर जोड कच्चा राहतो आणि उकळताना नळी उभी चिरते. नवीन मालातली मूठभर पेन्ने उकळून बघा. बऱ्याच तुकड्यांना उभी चीर गेली, तर ते शिजवणाऱ्याचं पाप नाही.

वाकडी नळीही वाकवलेली नसते. खुंटीला एका अंगाला खाच असते, त्या बाजूने पीठ जास्त वेगाने सुटतं आणि नळी आपोआप वळते. इटलीत तिला किफेरी म्हणतात, ऑस्ट्रियातल्या किपफर्ल या चंद्रकोरी पावावरून. मॅकरोनी म्हणजे मूळचं 'माक्केरोनी', आणि ते नाव तिकडे इतकं ढोबळ आहे की प्रांतानुसार कुठल्याही नळीला लागू शकतं. आपल्याकडे मात्र मॅकरोनी म्हटलं की वाकडी नळीच. तेव्हा बरणीवर 'मॅकरोनी' ठळक आणि 'वाकडी नळी' खाली. गिऱ्हाइकाला किफेरी शिकवायला जाऊ नका, ते शेजारच्या दुकानात जाईल.

फुझिल्लीचं नाव 'फुझो'वरून, म्हणजे चाती. दक्षिण इटलीत घरगुती फुझिल्ली लोखंडी सळईभोवती पीठ गुंडाळून करतात, ती लांब आणि आतून पोकळ असते. पिशवीत येते ती यंत्राची, आखूड, पाकळ्यांच्या मळसूत्राची. तिलाच अमेरिकेत रोटिनी म्हणतात. आपल्याकडच्या तिन्ही पिशव्यांत मालाचं कूळ एकच, नाव 'फुझिल्ली' धरा. दोन दोऱ्या एकमेकींना पीळ दिल्यासारखा तुकडा दिसला तर तो वेगळा, जेमेल्ली. 'जुळे' असा अर्थ, पण खरं तर ती एकच दोरी स्वतःभोवती वळवलेली असते.

उरले शंख-वाट्या (कोन्किल्ये, लुमाके, ओरेक्क्येत्ते), मग फार्फाल्ले, चाकं वगैरे शोभेची मंडळी, आणि सूपमध्ये टाकायचा बारीक माल: स्तेल्लिने, दितालिनी, ओर्झो. शेवटी लझान्याचे पत्रे, ते बरणीत मावणारच नाहीत. भरलेले राव्हिओली-तोर्तेल्लिनी तुमच्या यादीत नसतील असं धरतो.

भरडा

सोऱ्यांनी आकाराचं सांगितलं ते बरोबर, पण त्याच्याही आधीची फळी पिठाची आहे. तुमच्या २२ बरण्यांत डुरम या कडक गव्हाचा आणि साध्या रव्या-मैद्याचा माल शेजारी ठेवलात, तर नावं कितीही शुद्ध लिहा, तक्रारी येणारच.

इटलीत कोरडा पास्ता डुरमच्याच रव्याचा हवा, हे १९६७ च्या कायद्याने ठरवलं. ओलावा १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, प्रथिनं किमान १०.५ टक्के लागतात. अंड्याचा पास्ता म्हणून विकायचा तर किलोभर रव्याला किमान ४ अंडी, म्हणजे निदान २०० ग्रॅम. आपल्याकडे ही सक्ती नाही. म्हणून पिशवीच्या मागची घटकांची ओळ वाचा. 'डुरम व्हीट सेमोलिना' एवढंच असेल तर एक फळी, 'सूजी' किंवा 'मैदा' असेल तर दुसरी. सोबतच्या तक्त्यात १०० ग्रॅमला प्रथिनं १२ ग्रॅमच्या आसपास किंवा वर असतील तर पाण्यात आकार धरून ठेवण्याची शक्यता चांगली.

डुरम म्हणजे परदेशी काहीतरी, असा एक समज पेठांत अजून आहे. आपला बन्सी गहू डुरमच. खपली त्याची चुलतबहीण: गुणसूत्रं दोघांची २८ (चपातीच्या गव्हाची ४२), पण खपलीचं टरफल मळणीत सुटत नाही. आणि आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेने डुरमची वाणं काढली आहेत. त्यातलं एमएसीएस ४०२८ सुमारे १४.७ टक्के प्रथिनांचं आहे. तेव्हा 'भारतीय गव्हाचा' म्हणजे हलका, असं समीकरण लेबलावर आणू नका. गहू कोणता, एवढं लिहा.

आता साच्याबद्दल एक भर. पृष्ठभाग खरखरीत, पिठूळ, फिकट दिसला तर चकती काशाची. गुळगुळीत, चकचकीत, गडद पिवळा दिसला तर टेफ्लॉनची. खरखरीत अंगाला रस (सॉस) चिकटतो, गुळगुळीत अंगावरून तो घसरून ताटलीत तळं करतो. हे मात्र लेबलावर लिहिण्यासारखं आहे.

जोडाक्षर

देवनागरीचा फायदा घ्या. इंग्रजी स्पेलिंग वाचून उच्चार चुकतात, देवनागरीत चुकायचं कारण नाही. इटालियनचे नियम चारच लक्षात ठेवायचे.

सी-एच आलं की 'क': लुमाके, कोन्किल्ये. नुसत्या सी-पुढे आय किंवा ई आलं की 'च': वेर्मिचेल्ली, फेत्तुच्चिने. जी-एन म्हणजे 'न्य', म्हणून न्योक्की (ती बहुतेक बटाट्याची असते, तुमच्या बरणीतली नव्हे). जी-एल-आय म्हणजे 'ल्य': ताल्यातेल्ले. ग पूर्ण गिळायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, द्वित्त पाळा. कापेल्ली म्हणजे केस, काप्पेल्ली म्हणजे टोप्या. पेन्नेतला एक न खाल्लात तर उरणाऱ्या शब्दाचा इटालियन अर्थ दुकानाच्या दर्शनी फळीवर लावण्याजोगा नाही. 'पेने' लिहिलेले मेनूकार्ड पुण्यात ढिगाने सापडतील, तुम्ही भर घालू नका.

शेपट्यांवरूनही बरंच कळतं. -इनी, -इने, -एत्ती, -एत्ते म्हणजे लहान. -ओनी म्हणजे मोठं. म्हणून स्पागो (सुतळी), स्पागेत्ती (बारीक सुतळी), स्पागेत्तिनी (त्याहून बारीक), स्पागेत्तोनी (जाड). कोन्किल्ये मध्यम शंख, कोन्किल्येत्ते सूपचे, कोन्किल्योनी सारण भरायचे. मागे 'रिगाते' लागलं तर अंगावर रेघा, 'लिशे' लागलं तर गुळगुळीत. रिगातोनी या नावातच रेघा आणि मोठेपणा दोन्ही आले, त्यामुळे 'रिगातोनी रिगाते' लिहू नका, 'पिवळा पीतांबर' होईल.

वाळवण

मराठी नावं देताना 'फुलपाखरू पास्ता', 'चाकं पास्ता' असली बालवाडी करू नका अशी विनंती. फार्फाल्लेचा अर्थ फुलपाखरंच आहे, पण गिऱ्हाईक पाककृतीत 'फार्फाल्ले' वाचून येणार. ओळख म्हणून खाली बारीक अक्षरात 'फुलपाखरी' चालेल.

मात्र आपल्याकडे या घराण्याचे शब्द आहेत, ते वापरा. दोन बोटांत वळलेले गव्हाच्या आकाराचे दाणे म्हणजे गव्हले. ओर्झो दिसायला तेच. (ओर्झो म्हणजे जव, इटलीत त्याला बहुधा रिझोनी म्हणतात, म्हणजे तांदळाचे मोठे दाणे. आपण गव्हाच्या दाण्यावर थांबलो, ते जवावर आणि तांदळावर गेले. पीठ सगळीकडे गव्हाचंच!) नखाने दाबून वळवलेल्या नखुल्या आणि अंगठ्याने दाबून केलेल्या काव्हातेल्ली-ओरेक्क्येत्ते यांची कृती एकच. फणीवर दाबून रेघा उठवलेल्या फणोल्या बघा: इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात गार्गानेल्ली अशाच फणीवर लाटतात, आणि तिथेही मूळ फणी हातमागाची. ही नावं घरागणिक बदलतात, म्हणून मुख्य नाव म्हणून नकोत. पण 'ओर्झो: गव्हल्यांसारखे दाणे' असं लिहिलंत तर सत्तरीच्या आजीबाईंनाही न विचारता कळेल.

व्हर्मिसेलीचं: इटलीतली वेर्मिचेल्ली स्पागेत्तीएवढी किंवा किंचित जाडच असते. अमेरिकेत त्याच नावाने स्पागेत्तीहून बारीक दोरी विकतात. भारतात त्या नावाने शेवया येतात, भाजून खीर किंवा उपमा करायच्या. तीन देश, तीन जाड्या. पिशवीत शेवया आहेत तर 'शेवया' लिहा आणि बरणी पास्त्याच्या फळीवरून खाली उतरवा. कुणी त्या स्पागेत्तीसारख्या खळखळत्या पाण्यात सोडल्या तर दोन मिनिटांत लापशी.

मापटं

भरपूर मिळालं. फळ्या ठरल्या: आधी पीठ, मग दोरी, पट्टी, नळी, पीळ, शंख-वाटी, शोभेचे, दाणे.

आता पुढची अडचण. दोन कंपन्यांची फुझिल्ली एकाच बरणीत ओतली तर चालेल? दोन्ही डुरमची, दिसायला जवळजवळ सारखी. स्पागेत्तीच्या एका पाकिटावर ५ आकडा आहे आणि दुसऱ्यावर १२, तर ५ वाली बारीक समजायची का? आणि बरण्यांच्या तळाशी उरणाऱ्या तुकड्यांचं काय करायचं?

घड्याळलावा

ओतू नका. बरणीतल्या सगळ्या तुकड्यांची भिंत एका जाडीची हवी, नाहीतर अर्धा माल गळेल तेव्हा उरलेला कच्चा असेल. एकीची वेळ ९ मिनिटं, दुसरीची १२, आणि गिऱ्हाइकाच्या हातात एकच पातेलं. दोन बरण्या करा किंवा एक कंपनी संपल्यावर दुसरी भरा.

आकडे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात. बारिलाची स्पागेत्ती ५ नंबरची, दे चेकोची १२ नंबरची, आणि दोन्ही मध्यम जाडीच्याच. आकड्यांची तुलना एका कंपनीच्या आतच करायची: बारिलात ३ म्हणजे स्पागेत्तिनी, ७ म्हणजे स्पागेत्तोनी. लेबलावर आकडा टाकू नका, जाडी टाका. साधा व्हर्नियर घ्या आणि दहा तुकडे मोजून सरासरी काढा. स्पागेत्ती २ मिमीच्या आसपास येते, कापेल्लिनी त्याहून बरीच बारीक, बुकातिनी ३ मिमीच्या आसपास. नळीला भिंतीची जाडी मोजा, व्यास नाही. शिजण्याची वेळ भिंत ठरवते.

जाडी एकसारखी नसली की काय होतं, याचा नमुना म्हणजे मारिल्ले. जोर्जेत्तो जुजारो या मोटारींच्या नामांकित डिझायनरने (आपल्या रस्त्यांवर धावलेली मॅटिझ त्याच्याच संस्थेची) १९८३ साली व्होइएल्लो कंपनीसाठी हा आकार काढला. दोन नळ्या जोडल्यासारखा, दिसायला देखणा. पण जिथे भिंती एकत्र येतात तिथे जाडी वाढली, कडा शिजल्या तरी तो भाग कच्चा राहायचा. बाजारात टिकला नाही.

तुमच्या यादीतला असा खट्याळ माल म्हणजे फार्फाल्ले. मधली चिमट्याची घडी जाड, पंख पातळ. घडी पूर्ण मऊ होईपर्यंत थांबलात तर पंख लिबलिबीत होतात. पंख बरोबर झाले की काढायचे, घडी किंचित कडक राहणारच. हे लेबलावर लिहा, निम्म्या तक्रारी जातील.

पाकिटावरची वेळ ढोबळ असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. अर्धा ते एक मिनिट जास्त धरा, पण चाखून बघायला मात्र पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधीच सुरुवात करा. तुकडा दाताने तोडून छेद बघायचा: मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद, बाकीचा रसात शिजतो. प्रमाण १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालायचं नाही, अंगाला लागलेल्या तेलावर रस टिकत नाही. निथळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवायचं, त्यातल्या पिठामुळे रस एकजीव होतो.

वाळवण

तळच्या तुकड्यांसाठी: नेपल्समध्ये दुकानांच्या खणात उरलेला मोडका पास्ता एकत्र करून स्वस्तात विकायचे, घेवड्याच्या दाण्यांबरोबर किंवा बटाट्याबरोबर दाट शिजवायला. 'पास्ता मिस्ता' म्हणून तो आता मुद्दाम तयार करून पाकिटात मिळतो. तुमचीही तेविसावी बरणी करा. पण घड्याळलावांचा नियम इथेही आहे: ८ ते ११ मिनिटांचे तुकडेच एकत्र करा. कापेल्लिनी आणि लझान्याचे तुकडे त्यात नकोत.

भरडा

पावसाळ्याचं राहिलं. आपल्याकडे जूननंतर बरणी दिवसातून वीसदा उघडली की माल दमट होतो आणि मग टोके-किडे. लोक काय करतात, कुरडया-पापडांसारखं पास्त्यालाही ऊन दाखवतात. ते करू नका. बाहेरचा थर झपाट्याने सुकून आकसतो, आतला तसाच राहतो, अंगभर केसाएवढ्या चिरा पडतात. वरून दिसत नाहीत, पाण्यात पडल्यावर तुकडा त्या चिरेवर फुटतो. कारखाने वाळवणीत ओलावा आणि तापमान दोन्ही सांभाळतात ते याचसाठी. तुम्ही दोन तासांच्या उन्हात त्यावर पाणी फिरवाल.

लहान बरण्या घ्या, आठवड्याला संपेल एवढाच माल भरा, बाकीचा बंद पिशवीत. नवीन पिशवीची शंका आली तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर सामान्य तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. कडुलिंबाचा पाला नको, वास लागतो.

अजून एक, विक्री वजनावरच ठेवा. वाटीने दिलात तर फार्फाल्लेच्या वाटीत निम्मी हवा असते आणि ओर्झोच्या वाटीत ठासून माल. स्पागेत्तीला मात्र तिच्या काडीहून उंच, अरुंद बरणी लागेल. आडवी ठेवून मोडू नका.

मापटं

लेबलाचा मसुदा केला आहे, बघा:

फुझिल्ली
पीळ, आखूड. डुरम गव्हाचा रवा. खरखरीत.
भिंत: मोजून लिहायची. वेळ: १० मिनिटं, पुण्यात ११.
घट्ट टोमॅटो रस, भाज्यांचे बारीक तुकडे.

पेन्ने रिगाते
नळी, तिरका काप, रेघा. डुरम गव्हाचा रवा. गुळगुळीत.
वेळ: ११ मिनिटं, पुण्यात १२.
खिमा, मशरूम, भाज्यांचे मोठे तुकडे.

ताल्यातेल्ले
पट्टी. अंडं असलेली.
वेळ: ५ मिनिटं, पुण्यात ६.
खिमा, मलईचा रस.

जोडाक्षर

पेन्नेवर 'रेघा' आणि खाली 'गुळगुळीत' एकत्र वाचून गिऱ्हाईक विचारात पडेल. 'चकती: टेफ्लॉन' किंवा 'चकती: काशाची' असं लिहा. रेघ आकाराची असते, खरखर चकतीची.

ताल्यातेल्लेच्या पट्टीची रुंदी मोजा. बोलोन्याच्या व्यापारी मंडळात १६ एप्रिल १९७२ रोजी तिचं माप नोंदवून ठेवलं आहे: शिजल्यावर ८ मिमी, म्हणजे तिथल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. असली मोजणी वाचून सदाशिव पेठेला घरच्यासारखं वाटेल. तुमची पट्टी शिजल्यावर दोन सेंमीच्या आसपास भरली तर ती पाप्पार्देल्ले, वेगळी बरणी.

आणि 'अंडं असलेली' ही ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, मांसाहाराच्या खुणेसकट (चौकोनात तपकिरी त्रिकोण) आणा. त्या बरणीचा चमचाही वेगळा ठेवा. कोथरूडमध्ये आहात.